मदत हवी आहे : बार्बाडोसला जहाज १४ तास थांबतंय, एका दिवसात काय काय बसेल?

मृद्गंध_७९
जानेवारीत कॅरिबियन क्रूझ आहे. ब्रिजटाऊनला जहाज सकाळी ८ ला लागतं आणि रात्री १० ला सुटतं. बाकी कुठल्याच बेटावर एवढा वेळ नाही, म्हणून हा दिवस वाया घालवायचा नाहीये. जहाजाच्या टूर पाहिल्या, चार-चार तासांच्या आहेत आणि माणशी दर बघून धडकी भरली. मला गुहा, समुद्र आणि मैदान तिन्ही हवंय. होईल का? कुठल्या क्रमाने? लवकर सांगा, नवरा उद्याच काहीतरी बुक करून टाकणार आहे.

झुळूक
किती जण आहात? लहान मुलं? वार कोणता? आणि कुठलं मैदान?

खारवा
भारतीय पासपोर्ट असेल तर बार्बाडोसला पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही. पण क्रूझ अमेरिकेतल्या बंदरात संपत असेल तर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा बघून ठेवा. आमच्या ओळखीतले एक जण त्यातच अडकले होते.

मृद्गंध_७९
व्हिसाचं सगळं झालंय, ते विचारलं नव्हतं. आम्ही पाच जण. मैदान म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल, बार्बाडोसमध्ये दुसरं कुठलं बघायला जाणार? २९ जून २०२४ ला टी-२० विश्वचषकाच्या फायनलमध्ये सूर्याने (सूर्यकुमार यादव) मिलरचा कॅच घेतला ते. सासऱ्यांना ती जागा डोळ्यांनी बघायची आहे, तेवढ्यासाठी ते क्रूझला तयार झाले.

सह्याद्रीचा_वारा
गाडी भाड्याने घ्या. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद. आम्ही एका दिवसात उत्तर टोकापर्यंत जाऊन आलो. टॅक्सीवाल्याच्या घड्याळावर कशाला चालायचं?

झुळूक
पाच जणांत सासरे असतील तर गाडीचा सल्ला देऊ नका. आतले रस्ते अरुंद आहेत आणि जानेवारीत ऊस डोक्यावर गेलेला असतो, वळणापलीकडचं दिसत नाही. वर पर्यटकांना वेगळा परवाना काढावा लागतो. परक्या देशात जहाज गाठायचंय, त्यात रस्ता चुकायचा ताण नको.

सह्याद्रीचा_वारा
सांगलीकडे वाढलेल्या माणसाला उसातल्या रस्त्याची भीती घालू नका. परवाना गाडी देणारेच काढून देतात.

शिंपला
ताई, सासूबाई पण आहेत ना? त्यांचं चालणं कसं आहे? त्यावर सगळं ठरेल.

मृद्गंध_७९
हो, हे सांगायचं राहिलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालतात, जिने नकोत. मुलगा आठ वर्षांचा, त्याला कासवं बघायची आहेत. वार शुक्रवार. गाडी आम्ही चालवणार नाही, ते ठरलंय.

शिंपला
मग गुहा आधी. हॅरिसन्स केव्ह बेटाच्या साधारण मध्यावर आहे आणि आत ट्राममध्ये बसून फिरवतात, म्हणून गुडघ्याला त्रास नाही. माझी आई ७४ व्या वर्षी आरामात जाऊन आली. छतातून पाणी ठिबकतं, चष्मा पुसायला रुमाल ठेवा. ट्रामचं बुकिंग आधीच करा आणि सकाळची वेळ घ्या. तिथे चालत जायच्या आणि दोरावरून घसरायच्या सहलीही विकतात, चुकून त्यावर क्लिक करू नका.
कासवांसाठी कार्लाइल बे. बंदरापासून टॅक्सीने अगदी जवळ. बोटीतून नेतात, कासवं आणि बुडालेली जहाजं वरूनच दिसतात. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांनी किनाऱ्यावर खुर्ची-छत्री भाड्याने घेऊन बसावं.

जुना_स्कोअरर
ओव्हलचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मार्च १९६२ मध्ये याच मैदानावर वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. त्यांना रक्त द्यायला विंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल स्वतः पुढे आला. आपले उम्रीगर, बोर्डे, बापू नाडकर्णीही होते. १९७१ मध्ये इथेच दिलीप सरदेसाईंनी १५० केल्या आणि गावसकर ११७ वर नाबाद राहिले. सासऱ्यांना हे सांगा, फक्त कॅच बघून परत येऊ नका.

रानवाटा
आणि १९९७ च्या कसोटीत इथेच जिंकायला १२० करायच्या होत्या, ८१ वर गडगडलो. मी शाळेत होतो, आजही आठवलं की बरं वाटत नाही.

जुना_स्कोअरर
त्या खेळपट्टीवर कोणीही गडगडलं असतं. अ‍ॅम्ब्रोस, बिशप नीट खेळून दाखवायचे कुणी?

मृद्गंध_७९
सासऱ्यांना १९७१ चं सगळं पाठ आहे, तेव्हा ते कॉलेजात होते आणि पेपरात स्कोअर वाचायचे. त्यांना हा धागा वाचून दाखवला, खूप खूश झालेत. पण मैदानात आत सोडतात का, ते कोणी सांगेल का?

जुना_स्कोअरर
मॅच किंवा कार्यक्रम असला तर नाही सोडणार. आतापासूनच मैदानाच्या ऑफिसला मेल टाका, सासऱ्यांचं वय आणि इच्छा लिहा. आत नाहीच जमलं तरी बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे आणि जवळच बार्बाडोसच्या क्रिकेटपटूंचं संग्रहालय आहे. बंदरापासून मैदान तसं चालत जाण्याच्या अंतरावर, पण सासूबाईंना घेऊन चालू नका, ऊन असतं.

लाटकर
शुक्रवार आहे आणि जहाज १० ला सुटतं, मग ऑइस्टिन्स सोडूच नका! दक्षिण किनाऱ्यावर दर शुक्रवारी रात्री कोळ्यांच्या बाजारात मासे भाजतात, गाणी, नाच, सगळं गाव लोटतं. मार्लिन, माहीमाही, फ्लाइंग फिश. मालवणातल्या माणसालाही समाधान होईल.

शिंपला
शुक्रवारी संध्याकाळी त्या रस्त्याला किती गर्दी असते पाहिलंय का? स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तरच थांबतं. आम्ही दुसऱ्या एका बेटावर शिडी काढायच्या चार मिनिटं आधी पोचलो. मुलगी रडत होती, मी अनवाणी धावत होते. तो प्रसंग कुणावर येऊ नये.

लाटकर
म्हणून कोणी जेवायचंच नाही का? साडेपाचला पोचा, साडेसातला निघा. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, उजेडात पोचाल. अंतर अर्ध्या तासाचं.

मृद्गंध_७९
सासूबाई आणि मी शाकाहारी, अंडंही नाही. मासळीबाजारात आम्ही काय करणार?

लाटकर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना ताई. मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) मिळते, पण बहुतेक जण त्यात अंडं घालतात, विचारून घ्या. तळलेली केळी, भात, कोशिंबीर मिळेल.

कोलंबीभात
तिकडे ब्रेडफ्रूट खूप खातात, म्हणजे आपला नीरफणस! भाजलेला किंवा लोणच्यासारखा मुरवलेला मिळतो. आणि कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेलं. वरचं कालवण माशाचं असतं, ते नको म्हणून सांगा. बटाट्याची रोटीही मिळते. माझी आजी नीरफणसाचे काप तांदळाच्या पिठात घोळून करायची. इकडे फ्रोझन मिळतो का कुणाला माहीत आहे? मी नॉर्थ कॅरोलिनात आहे.

रानवाटा
एक महत्त्वाचं. मुलाचे लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा. बार्बाडोसमध्ये कॅमोफ्लाज घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. टोपी, बॅगसुद्धा नाही.

मृद्गंध_७९
अरे देवा, त्याची आवडती हाफपँट तशीच आहे! काढून ठेवते. खूप आभार.

खारवा
अजून दोन. समुद्रकाठी ज्या झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा किंवा पाटी असेल ते मँचिनील. त्याखाली बसू नका, पावसात तर मुळीच नाही. चिकाने अंगावर फोड येतात. फळ हिरव्या सफरचंदासारखं असतं, मुलाला आधीच सांगून ठेवा. दुसरं, मायामीहून निघत असाल तर हिवाळ्यात बार्बाडोस एक तास पुढे असतं. जहाजावर कुठली वेळ धरलीय ते उतरतानाच विचारा.

सह्याद्रीचा_वारा
बाथशिबा कोणीच सांगितलं नाही. पूर्व किनारा, अटलांटिकच्या लाटा, प्रचंड खडक. पोहायचं नाही, नुसतं बघायचं. गुहेपासून फार लांब नाही. टॅक्सीवाल्याला तेवढं वाढवायला सांगा. भाडं निघायच्या आधी ठरवा आणि बार्बाडोस डॉलर की अमेरिकन ते स्पष्ट बोला, दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन.

मृद्गंध_७९
ठरलं. पाच जणांची टॅक्सी, साडेनऊची ट्राम, तिथून बाथशिबा, दुपारी कार्लाइल बे, चारला ओव्हल. ऑइस्टिन्स नाही. लाटकर, राग मानू नका, शिंपलांचा प्रसंग वाचून सासूबाईंनीच नको म्हटलं. मैदानाच्या ऑफिसला मेल टाकलाय, मजकूर सासऱ्यांनी सांगितला, मी टाइप केला. ते विचारतायत, सूर्याने कॅच घेतला ती लाँग ऑफची सीमारेषा पुतळ्याच्या बाजूची की समोरची?

जुना_स्कोअरर
रात्री शेवटची ओव्हर पुन्हा लावून बघतो आणि सांगतो. तोवर कॅमेऱ्याची जादा बॅटरी घ्या त्यांच्यासाठी.