त्र्याण्णव मुलींचं पत्र : उपवासाच्या दिवशी वाचावं की नाही?

सांजवात : ८ जानेवारी १९४३ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक पत्र छापून आलं. त्यात लिहिलं होतं, नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, क्राकोवच्या बेथ याकोव या ज्यू मुलींच्या शाळेतल्या ९३ जणींना उपभोगासाठी जर्मन सैनिकांच्या हवाली करणार होते. मुलींनी न्हाऊन, प्रार्थना म्हणून विष घेतलं. शेवटची विनंती होती, आमच्यासाठी कद्दिश म्हणा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना. हिलेल बावलींनी त्यावर हिब्रूत कविता केली. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपवासाला काही ठिकाणी ती वाचतात. इतिहासकारांना मात्र या घटनेला दुजोरा मिळालेला नाही, बरेचजण तिला दंतकथाच मानतात. माझं मत, प्रार्थनेतून ती कविता काढावी.

जुनाट_चष्मा : नाझींच्या ज्यू-संहारात लाखो माणसं अशी मेली की मागे सांगणारं कुणी उरलं नाही. त्यांच्या दुःखाला चेहरा हवा होता, तो या ९३ जणींनी दिला. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात गिट्टीन भागात कथा आहे : कुकर्मासाठी पळवून नेलेल्या ४०० मुलामुलींनी समुद्रात उड्या घेतल्या. तिथे कुणी प्रवाशांची यादी मागतं का? प्रार्थना म्हणजे पंचनामा नव्हे हो.

खडूफळा : पण वाचणारे ती घडलेली गोष्ट म्हणूनच वाचतात ना! साबणाचं बघा. नाझी मारलेल्या ज्यूंच्या चरबीचा साबण करतात, अशी अफवा होती. वड्यांवर आर-आय-एफ अशी अक्षरं असत, म्हणजे औद्योगिक चरबी पुरवणारं सरकारी खातं. लोकांनी मधल्या आयचा जे वाचला आणि अर्थ लावला ‘शुद्ध ज्यू चरबी’. युद्धानंतर त्या वड्या ज्यू दफनभूमींत पुरल्या गेल्या. १९९० मध्ये याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू-संहार स्मारकाच्या अभ्यासकांनीच सांगितलं, असा साबण कारखान्यांत बनत होता याला पुरावा नाही. (डान्झिगच्या शरीरशास्त्र संस्थेत थोडा साबण बनल्याचं प्रकरण वेगळं.) लगेच संहारच झाला नाही म्हणणारे, ते नाकारणारे ओरडले, ‘साबण खोटा, तर विषारी गॅसने मारणंही खोटं!’

जुनाट_चष्मा : म्हणजे त्या भामट्यांना घाबरून आपण काय आठवायचं ते ठरवायचं? त्यांना निमित्त लागतच नाही. आणि माणूस समजून ज्याने ती वडी मातीत ठेवली, त्याचा शोक खोटा होता का?

सांजवात : शोक खराच. पण माझा मुद्दा नाकारणाऱ्यांचा नाहीच. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मन-ज्यू शरीरसंबंधांवर बंदी घातली होती, तरी बलात्कार झालेच. त्यातून जगलेल्या बायका आहेत. त्यातली एखादी ज्यू प्रार्थनागृहात बायकांच्या बाजूला बसलीय, दिवसभराच्या उपासाने गळून गेलीय, आणि समोर कविता चाललीय की चांगल्या मुलींनी विष घेतलं. तिने त्या क्षणी कुठे बघायचं?

जुनाट_चष्मा : ...हा विचार मी केला नव्हता. तरी कविता काढा म्हणणार नाही. शेजारी दुसरी ठेवा, जगलेल्या बाईची.

सांजवात : ठेवा. पण आधी ती वाचा.