एनमॅक्स १५५ की पीसीएक्स १६०? रोज शहरात, महिन्यातून दोनदा बाहेरगावी

पेटीवाला
नमस्कार मंडळी. बारा वर्षं ११० सीसीची स्कूटर पिदडली. आता ती थकलीय आणि तिच्यावर बसून मीही. शहरात रोज ३०-३५ किमी, सगळं सिग्नल आणि गर्दीचं. महिन्यातून दोनदा बाहेरगावी कामाला, एका बाजूने १३०-१४० किमी, मध्ये एक घाट. लिफ्ट दुरुस्तीचं काम आहे, अवजारांची पेटी बरोबर असते. कधी मागे बायको. माझी उंची साडेपाच फूट.
मनात दोनच आहेत: यामाहा एनमॅक्स १५५ आणि होंडा पीसीएक्स १६०. बजेट याच वर्गातल्या नव्या गाडीचं. ३०० सीसी परवडत नाही आणि कर्ज काढायचं नाही, तेव्हा कृपया त्या सुचवू नका. गिअरची मोटरसायकलही नको, डावा गुडघा कुरकुरतो.

घाटवेडा
यामाहाचीच एक्समॅक्स ३००. डोळे झाकून. २९२ सीसी, २८ हॉर्सपॉवर, टाकी १३ लिटरची, सीटखाली दोन हेल्मेट आरामात. थोडी ओढाताण होईल, पण एकदाच काय ते. दोन वर्षांत बदलण्यापेक्षा आत्ताच मोठी घ्या.

पेटीवाला
ओढाताण करायची नाही म्हणून तर आधीच लिहिलं होतं हो.

जुनं_खोड
स्कूटरवर बाहेरगावी? आमच्या काळी असं कोणी विचारलं असतं तर हसले असते. २५० ची मोटरसायकल घ्या. गुडघा चालवल्यानेच सुटतो. माझं वय ६७ आहे, अजून किक मारतो.

निळी_रेघ
काका, त्यांनी मोटरसायकल नको म्हटलंय. आणि तुमच्या काळीच लोक डबल सीट आणि वर स्टेपनी घेऊन स्कूटरवर गावोगाव जात होते.

जुनं_खोड
जात होते आणि रस्त्यात प्लग साफ करत बसत होते. तेच सांगतोय.

रोलर_वेट
मूळ प्रश्नाकडे येऊ. पीसीएक्स सहा वर्षं वापरली, १५० पासून. या दोघींत इंजिनाचा फरक नावापुरता आहे, १५५ आणि १५७ सीसी, दोन्ही पाण्याने थंड होणारी, दोन्ही पंधरा-सोळा हॉर्सपॉवरच्या घरात. एनमॅक्समध्ये व्हीव्हीए असतं, म्हणजे साधारण ६००० आरपीएमला इनटेकचा कॅम बदलतो आणि वरचा दम टिकतो. पीसीएक्सची टाकी ८.१ लिटरची, एनमॅक्सची त्याहून एक लिटर कमी. चाकं पीसीएक्सला पुढे १४ आणि मागे १३ इंच, एनमॅक्सला दोन्ही १३.
खरा प्रश्न वेगाचा आहे. दोन्ही गाड्या शंभरच्या पुढे जातात, पण दिवसभर सुखाने चालतात त्या ८०-९० ला. तुमच्या रस्त्यावरची वाहनं ११० ने जात असतील तर मागे माणूस आणि सामान घेऊन ओव्हरटेक करताना आधी देवाचं नाव घ्यावं लागेल.

घाटवेडा
म्हणूनच एक्समॅक्स.

कानटोपी
होंडाची फोर्झा ३५० पण बघा. ३३० सीसी, काच बटणाने वरखाली होते. लांबच्या प्रवासात काच म्हणजे काय असते ते वापरल्याशिवाय कळत नाही. परवाच सहा तास चालवून आलो, मान ताजी. शिवाय गाडी लावली की माणसं थांबून बघतात, तो भाग वेगळा.

पेटीवाला
अहो, ३५० हा आकडा ३०० पेक्षा मोठा असतो ना?

कानटोपी
सेकंडहँड बघा की मग.

वाचतोय_फक्त
सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक अनुभव. गाडीचं नाव घेत नाही, कंपनीभक्त अंगावर येतात. ३१ हजार किमी झालेली १५० सीसीची स्कूटर घेतली. विकणारा म्हणाला, 'सगळं वेळच्या वेळी केलंय'. तिसऱ्या महिन्यात घाट चढताना इंजिन एकदम भुंकायला लागलं आणि गाडी जागच्या जागी. थ्रॉटल दिला की नुसता आवाज. टेम्पोत घालून आणली. डावीकडचं कव्हर उघडल्यावर आतून सुतळीसारखे धागे निघाले मूठभर. ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवणारा पट्टा, पहिल्या दिवसापासून तोच होता. मेकॅनिकने जुन्या बेल्टचा तुकडा मला दिला, तो अजून किल्ल्यांच्या खिळ्याला टांगलाय.

रोलर_वेट
हे सगळ्यांनी दोनदा वाचा. बेल्ट बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस हजारांच्या आसपास बदलायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. जुनी घेताना बदलल्याची पावती मागा. तेव्हाच बेल्टच्या पुढच्या पुलीतले रोलर बघून घ्या, एका बाजूने घासून चपटे झाले की गाडी निघताना थरथरते. आणि गिअर ऑइल वेगळं असतं, इंजिन ऑइल बदललं म्हणजे तेही बदललं असं नव्हे.

शुद्धलेखक
धाग्यात 'स्कूटर' आणि 'स्कुटर' दोन्ही दिसतंय. दीर्घ ऊ बरोबर.

निळी_रेघ
कुणीही 'स्कुटर' लिहिलेलं नाही. आत्ता तुम्हीच पहिल्यांदा लिहिलंत.

शुद्धलेखक
दुसऱ्या धाग्यात असेल. मुद्दा तोच.

मागची_सीट
पुरुषमंडळींनी सीसी मोजून झाले असतील तर एक विचारते. वहिनींना नेऊन बसवून बघितलंत का? दोन्ही गाड्यांना मध्ये उंचवटा आहे, सीट मागे रुंद होत जाते. माझी उंची पाच फूट. नवऱ्याच्या अशाच मोठ्या अंगाच्या मॅक्सी स्कूटरवर तासाभराने मांड्या ताणल्यासारख्या होतात आणि फूटरेस्टवर पाय नीट टेकतही नाहीत. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून हे कळत नाही. दहा मिनिटं बसा, गप्पा मारा, मग उतरा. आणि ती पेटी कुठे ठेवणार आहात?

घाटवेडा
पेटी डिकीत. एक्समॅक्सची डिकी बघाच एकदा.

रोलर_वेट
मागची_सीट +१. अजून एक, खड्ड्यांचं. बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन आणि बेल्टचा सगळा डबा मागच्या चाकाबरोबरच वरखाली होतो. तेवढं वजन चाकाशी बांधलेलं असल्यावर शॉकअब्सॉर्बर कितीही भारी लावा, मागे दणका बसणारच. त्यात चाक लहान असेल तर ते खड्ड्यात उतरतं, मोठं चाक बरंचसं वरून निघून जातं.

कानटोपी
यामाहाच्या टीमॅक्समध्ये इंजिन फ्रेमला असतं. दोन सिलिंडर. २००१ पासून आहे ती. चालवली आहे मी.

निळी_रेघ
आता कोणी विमान सुचवू नका म्हणजे झालं.

सोळा_इंची
मोठ्या चाकांचा विषय निघालाच आहे तर होंडाची एसएच १५०. दोन्ही चाकं १६ इंची, पाय ठेवायला सपाट फळी. दिसायला साधी आहे. पण खड्डे गिळते.

कानटोपी
एसएच? ती तर पोस्टमनची गाडी दिसते. सीट जवळजवळ ८०० मिमी, साडेपाच फुटाचा माणूस पाय टेकवायला लोंबकळेल.

घाटवेडा
घाटात असल्या उभट गाडीवर वाऱ्याने हाल होतात. नको. यापेक्षा एनमॅक्स परवडली.

रोलर_वेट
मी मात्र पीसीएक्सच म्हणेन, डिकी आणि टाकी दोन्ही मोठ्या. घाटाचा विषय आलाच आहे तर एक गोष्ट गाडी कोणतीही घ्या, लागू आहे. उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून वेग अगदी कमी झाला की आतला आपोआप चालणारा क्लच सुटतो आणि इंजिनाचा ब्रेक नाहीसा होतो. गाडी एकदम मोकळी सुटल्यासारखी वाटते. थ्रॉटल किंचित देऊन क्लच परत पकडू द्या, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबा-सोडा करा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला आहे की दोन्हींना, हेही विचारून घ्या, आवृत्तीप्रमाणे बदलतं.

जुनं_खोड
गिअर असते तर हा प्रश्नच आला नसता. मोटरसायकल घ्या म्हणतोय ते उगीच नाही.

पेटीवाला
सगळ्यांचे आभार. काल शोरूमला जाताना पेटी घेऊन गेलो. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता. लोखंडी पेटी आहे, हातभर लांब. दोन्ही गाड्यांच्या सीटखाली गेली नाही, झाकण चार बोटं वर राहिलं. पायाशी ठेवायला जागा नाही, मध्ये उंचवटा. मागे कॅरिअर लावून वर ठेवली तर बायको कुठे बसणार? बारा वर्षं ती पेटी माझ्या पायांच्या मध्ये असते, हे मला स्वतःलाच लिहिताना सुचलं नाही.
बायको पीसीएक्सवर दहा मिनिटं बसली (मागची_सीट ताई, तुमचं ऐकून), उतरताना पाय अडकला आणि मला म्हणाली, 'तू एकटाच जा.'

पेटीवाला
बुक केली. एसएच. सीट उंच आहे हे खरं, पुढे सरकून एक पाय पूर्ण टेकतो, दुसऱ्याचा चवडा. डिकी लहान आहे, कळतंय. वाऱ्याचंही बघू.

घाटवेडा
वर्षभराने भेटू याच धाग्यावर.

कानटोपी
काच तरी उंच लावून घ्या.

पेटीवाला
काच सांगितलीय. आता एकच राहिलं: फळीवर पेटी घाटात वळणाला सरकते का? जुन्या गाडीला पुढे कडा होती. रबरी मॅट पुरेल की बंजीने, त्या हुकवाल्या ताणणाऱ्या दोरीने, बांधू?

रोलर_वेट
मॅट आणि वर सायकलची जुनी ट्यूब, हुकाला पीळ देऊन. बंजी नको, त्याचा हुक सुटला की थेट डोळ्यावर येतो. आणि पेटी अशी ठेवा की वळताना पाय पटकन बाहेर काढता येईल.