पायाची आग थांबवणारी गोळी चालू केली, तर बांधावर तोल जायलाय. घ्यावी की सोडावी?

बांधावरचा मास्तर

नमस्कार मंडळी. वय 61. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. परभणी जिल्ह्यात, सेलूच्या अलीकडं गाव, पाच एकर रान, एक विहीर. शुगर 14 वर्षांपासून.

गेल्या श्रावणापासून तळपायाची आग व्हायली. दिवसा मुंग्या, रात्री निखाऱ्यावर उभं राहिल्यागत. मधूनच अंगठ्यातून करंट निघतो तो पार पिंढरीपर्यंत. थंडी पडली तसं गोधडीसुद्धा पायाला सहन होईना. आमच्या घरी करडं झाकायचं डालं आहे, ते हिनं माझ्या पावलांवर पालथं घातलं आणि त्यावरून गोधडी टाकली, म्हणजे पाय झाकलेलेही राहतात आणि कापड टेकतही नाही. दोन महिने मी असाच झोपतोय. शेजारचे हसतात. हसू द्या.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला टेकवून डोळे मिटायला लावले आणि "कळतंय का" म्हणून विचारलं. दहा ठिकाणी टेकवला म्हणे. मला चार कळले. मग शुगरमुळं नसा खराब झाल्यात असं सांगून प्रीगॅबालिन 75 आणि त्यात मिथाइलकोबालामिन (बी-12 जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) अशी एकच कॅप्सूल रात्री जेवणानंतर लिहून दिली. "थोडी गुंगी येईल" एवढंच बोलले. बाहेर पन्नास माणसं बसलेली, मीही जास्त विचारलं नाही.

गोळीनं गुण आला, हे आधी सांगतो. चौथ्या रात्री मी सलग पाच तास झोपलो. पण सकाळी दहा वाजेपर्यंत डोळ्यांवर झापड. चहाचा कप ठेवला कुठं ते आठवना, नातवाशी बोलताना शब्द हुडकावा लागला. पावलं सुजली, चपलेचा पट्टा रुतायला लागला.

आता खरी अडचण. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला तुषार लावलाय, पाइप बदलायला माणूस लागतोच. पोरगा पुण्याला. गोळी चालू करून अकरावी रात्र, दोनचा सुमार. विहिरीजवळचा पाइप सोडवायला वाकलो आणि उठलो, तर सगळं रान डावीकडं फिरलं. ओल्या हरभऱ्यात मटकन खाली बसलो. विहिरीला त्या बाजूनं कठडा नाही. डोक्याला बांधलेल्या बॅटरीचा उजेड सरळ खाली पाण्यावर पडला होता, तेव्हा कळलं की कडेपासून मी दोन हातांवर आहे.

घरी आलो तर ही म्हणाली, "एक चप्पल कुठं टाकली?" डावी चप्पल रानातच राहिली होती. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. हरभऱ्याच्या आंबेनं साधं खरचटलेलंही चरचरतं, इथं काटा घेऊन मी अर्धा मैल चालत आलो तरी पत्ता नाही.

त्या रात्रीपासून गोळी बंद केली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, घाम, छातीत धडधड, आणि आग पहिल्यापेक्षा दुप्पट. आता दहा दिवस झाले, डालं घेऊन बसलोय.

ज्यांनी ही गोळी घेतलीय त्यांनी सांगा, चक्कर पुढं कमी होते का? का गोळीपेक्षा दुखणं बरं?

---

लातूरची काकू

गुरुजी, मी घेतली. सव्वा वर्ष.

मला नागीण झाली होती, उजव्या बरगडीवरून पाठीकडं. गल्लीतल्या बाया रोज बघायला यायच्या, तोंडं जुळली का म्हणून, जुळली की माणूस जातं म्हणे! कुणी गेरू लावा म्हणे, कुणी उतरवून घ्या म्हणे. फोड तीन आठवड्यांत वाळले, ठणका मात्र तिथंच मुक्कामाला राहिला. ब्लाऊजची शिवण लागली तरी जीव जायचा. तुमच्या डाल्याला मी हसणार नाही, मी घरात नवऱ्याचा जुना मलमलचा सदरा घालून फिरायचे.

मलाही आधी 75 च दिली. आठ दिवस वरणात मीठ दोनदा. डॉक्टरांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी 25 वर आणली आणि दर आठवड्याला थोडी थोडी चढवली. आणखी एक, गोळी जेवणानंतर दहाला नाही, सातला घ्यायला सांगितली. सकाळची झापड पुष्कळ कमी झाली. चक्कर दोन-तीन आठवड्यांत गेली. वजन नाही गेलं. 58 ची 64 झाले, अजून 63 आहे.

ठणका सगळा गेला नाही. पण झोप लागली की माणूस दिवसा सोसतं. मला पुन्हा झालं तर मी पुन्हा घेईन. फक्त मी रात्री घरात असते, विहिरीवर नाही, तेवढं माझं बोलणं कमी धरा.

---

शिवार हिंगोली

मास्तर, हे इंग्रजी औषध म्हणजे एक दुखणं काढून दुसरं घालायचं. रोज रात्री मीठ टाकून कडकडीत पाण्यात पाय सोडा आणि एरंडेल चोळा. माझ्या चुलत्याचे पाय याच्यावरच बरे झाले.

---

औषधवाला, अंबाजोगाई

वरच्या दादांना हात जोडून सांगतो, तेल चोळा, पण कडकडीत पाणी अजिबात नको. गुरुजींना दहातले चार दोरे कळाले. अशा पायाला भाजलेलंही कळत नाही. माझ्या दुकानात दर हिवाळ्यात असे एक-दोन जण मलमपट्टी घ्यायला येतात, शेकताना फोड आलेले.

गुरुजी, मी डॉक्टर नाही, काउंटरपलीकडचा माणूस आहे, पण पंचवीस वर्षं या गोळ्या देतोय.

पहिलं, तुम्ही एकदम बंद केली ही चूक झाली. ही हळूहळू, निदान आठवडाभर उतरवत सोडायची असते. त्या तीन रात्रींचा घाम आणि जागरण त्याचंच असणार. आणि दिवसाच्या आठवड्याला घ्यायची, रात्रीच्या आठवड्याला नाही, असं मनात आलं असेल तर तेही काढून टाका. दर पंधरवड्याला तोच भोग.

दुसरं, चक्कर येणं नवलाचं नाही. या गोळीच्या चाचण्यांमध्ये दहातल्या साधारण तिघांना चक्कर आलीय, आणि ती बहुतेक सुरुवातीलाच येते. गुण किती येतो, तर 2015 साली बऱ्याच चाचण्या एकत्र करून हिशोब निघाला होता. औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना केली तर साधारण आठ जणांनी घेतल्यावर एका जास्तीच्या माणसाचं दुखणं निम्म्यावर येतं. तुम्हाला चौथ्या रात्री झोप लागली, म्हणजे तुम्ही त्या नशीबवानांत असाल. म्हणून लगेच फेकून देऊ नका असं माझं मत.

पण ही गोळी ठणका दाबते, बधिरपणा परत आणत नाही. काटा तुम्हाला गोळी घेऊनही कळणार नाही आणि न घेताही नाही. रोज रात्री कुणाकडून तरी तळवे बघून घ्या.

आता एक विचारतो. शुगरच्या गोळीच्या पाकिटावर नीट वाचा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला तिसरं नाव पायोग्लिटाझोन आहे का? आपल्याकडं ती तिघांची एकत्र गोळी भरपूर चालते. पायोग्लिटाझोननं मुळातच पाय सुजतात, वजन वाढतं, त्यात प्रीगॅबालिन पडली की दोन्ही मिळून आणखी. शिवाय क्रिएटिनिन तपासलं का? प्रीगॅबालिन किडनीवाटे बाहेर पडते. किडनी मंद असेल तर 75 सुद्धा जास्त होते आणि गुंगी उतरत नाही.

---

नांदेडकर पोरगा

आमच्या बाबांना प्रीगॅबालिन सोसली नाही म्हणून अमिट्रिप्टिलिन 10 दिली होती. ती स्वस्त आहे, बऱ्याच जणांना लागू पडते. पण बाबांना प्रोस्टेटचा त्रास, तिसऱ्या दिवशी लघवीच अडली, रात्री नळी घालावी लागली. तुमचं वय 61 आहे, तसलं काही असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं, लाजेखातर.

---

बांधावरचा मास्तर

सगळ्यांचे आभार. औषधवाले भाऊ, चष्मा लावून पाकीट वाचलं. तिसरं नाव पायोग्लिटाझोनच आहे. सहा वर्षं ही गोळी घेतोय, पोरांना धडे वाचायला लावले जन्मभर, आणि स्वतःच्या पाकिटाची मागची बाजू कधी वाचली नाही.

प्रोस्टेटचं आहे थोडं. रात्री तीनदा उठतो. नांदेडकर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मीही सांगितलं नव्हतं.

बी-12 चं कुणी बोललं नाही, पण आमच्या बहिणीची पोरगी नर्स आहे, ती म्हणाली, मामा, मेटफॉर्मिन इतकी वर्षं आणि तुम्ही माळकरी, बी-12 बघितल्याशिवाय सगळं शुगरवर ढकलू नका. क्रिएटिनिन आणि बी-12, दोन्हीला रक्त देऊन आलो.

---

बांधावरचा मास्तर

बारा दिवसांनी लिहितोय. क्रिएटिनिन 1.1, ठीक आहे म्हणाले. बी-12 मात्र 148, कमी. त्याची इंजेक्शनं चालू केलीत.

या वेळी डॉक्टरांकडं सगळं कागदावर लिहून नेलं, विहीर, रात्रीची लाईट, चप्पल, प्रोस्टेट. त्यांनी कागद पूर्ण वाचला. पायोग्लिटाझोन काढून शुगरची गोळी बदलली. अमिट्रिप्टिलिन तुम्हाला नको म्हणाले. डुलोक्सेटिन नावाची दुसरी एक आहे, सुरुवातीला मळमळते, ती पुढं बघू म्हणाले. सध्या प्रीगॅबालिनच, पण 25 पासून, संध्याकाळी सातला.

मी घ्यायची ठरवली. कारण काय सांगू, विहिरीची भीती एका रात्रीची होती, आणि न झोपलेल्या रात्री मोजायचं मी सोडून दिलं होतं. न झोपता दुपारी मोटारसायकलवर डुलकी लागली होती एकदा, ते मी पहिल्या वेळी लिहिलंच नाही.

रात्रीच्या पाइपांचं असं केलं. शेजारच्या रानवाल्याशी सावड केली. दिवसाच्या आठवड्याला दोन्ही रानांतले पाइप मी बदलायचे, रात्रीच्या आठवड्याला दोन्हीकडचे त्यानं. तो तिशीतला आहे, तसंही रात्री मोबाईल बघत जागाच असतो. विहिरीला त्या बाजूनं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलंय, कठड्याचं पैसे आले की बघू.

आज सातवी रात्र. गरगर थोडी आहे, पाट्यावरून उठताना भिंत धरतो. आग निम्मी नाही, पण पहाटेपर्यंत टिकते ती आता दोनला शांत होते. ही रोज रात्री बॅटरी घेऊन तळवे बघते. काल एक कुसळ काढलं.

शेळी व्याली, दोन करडं आहेत. ही म्हणायली, डालं मोकळं करा आता. म्हटलं, आणखी आठ दिवस थांब.