कॅनडातली सीलची व्यापारी शिकार : बंद व्हायला हवी की नको?

मुक्ता_कोथरूड
कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला, न्यूफाउंडलंडच्या बाजूला आणि सेंट लॉरेन्सच्या आखातात, दर वसंतात बर्फावर हार्प जातीचे सील मारले जातात. पांढऱ्याशुभ्र पिल्लांच्या व्यापारी शिकारीवर १९८७ पासून बंदी आहे, आणि सरकार ते उठताबसता ऐकवतं. पण दोन-तीन आठवड्यांत पांढरे केस झडायला लागतात, आणि त्याबरोबर संरक्षणही जातं. मारले जाणारे बहुतेक सील तीन महिन्यांच्या आतलेच असतात.

बंदूक, नाहीतर हाकापिक, म्हणजे लांब दांड्याला लोखंडी आकडा. नियमाप्रमाणे आधी कवटी फोडायची, ती हाताने चाचपून खात्री करायची, मग रक्त जाऊ द्यायचं आणि त्यानंतरच कातडं सोलायचं. डुलत्या होडीतून नेम धरून, सरकत्या बर्फावर हे प्रत्येक वेळी असंच होतं? मला नाही पटत.

आणि माल घेतंय कोण? अमेरिकेत १९७२ पासून, युरोपीय संघात २००९ च्या कायद्याने आणि रशियात २०११ पासून बाजार बंद. २०११ ते २०१६ मध्ये हार्प सीलचा कोटा वर्षाला ४ लाख होता, शिकार १ लाखाच्या आतच राहिली. मेलेल्या धंद्याला सरकार का कवटाळून बसलंय?

दर्यासारंग
मी न्यूफाउंडलंडमध्ये, सेंट जॉन्सला राहतो, म्हणून लिहितोय. इथे वसंतात बंदरावर ट्रक लावून सीलचे फ्लिपर, म्हणजे पोहायचे वल्ह्यासारखे पाय, विकतात. लोक कांदा, गाजर घालून ते शिजवतात, वर पिठाची पारी लावून भट्टीत भाजतात. वास उग्र, मला झेपला नाही, पण इथल्या म्हाताऱ्यांचा जीव आहे त्यात. कॉड मासा संपत आला म्हणून २ जुलै १९९२ ला त्याची मासेमारी बंद झाली आणि सुमारे ३० हजार माणसं घरी बसली. अशा गावात वसंतातले चार पैसे म्हणजे होडीचा हप्ता.

१९७७ मध्ये फ्रेंच नटी ब्रिजिट बार्दो शिकारीला विरोध करायला बर्फावर आली, जगभर फोटो छापून आले. ब्रॉयलर कोंबडीच्या शेडवर कुणी नटी येत नाही. कोंबडीला मोठे काळे डोळे नाहीत ना!

मुक्ता_कोथरूड
शेडमध्येही क्रौर्य आहे, मान्य. म्हणून इथलं माफ होत नाही. आणि कॉडचं म्हणाल, तर १९६८ मध्ये त्या पाण्यातून ८ लाख टन कॉड उपसला तो ट्रॉलरांनी, म्हणजे जाळी ओढणाऱ्या मोठ्या जहाजांनी. कॉड खाऊन संपवला म्हणून सील उगाच बदनाम.

दर्यासारंग
सीलने संपवला असं मी म्हटलंच नाही. वाक्य परत वाचा.

अनुराधा_टोरांटो
तुमच्या दोघांच्या भांडणात इन्युइट, म्हणजे उत्तरेतले मूळ रहिवासी, कुठे आहेत? ते पांढरी पिल्लं मारून विकत नव्हते. त्यांची शिकार मुख्यतः रिंग्ड या दुसऱ्या जातीच्या सीलची, मांस घरात आणि कातडं विक्रीला. तरी १९८३ मध्ये युरोपने पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली आणि सगळ्याच सीलच्या कातड्याचा भाव कोसळला. त्यांना सूट होती, पण कागदावर. दुकानदार कशाला विचारत बसतोय कातडं कुणाचं? त्याने सीलच ठेवणं सोडलं. इन्युइटांचं जे नुकसान झालं त्याबद्दल सीलच्या शिकारीविरुद्ध मोहीम चालवलेल्या ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. तोवर एक पिढी गेली होती.

मुक्ता_कोथरूड
हा मुद्दा रास्त आहे. त्याच वर्षी युरोपच्या २००९ च्या कायद्याबाबत जागतिक व्यापार संघटनेनेही लोकांच्या नीतिभावनेसाठी बंदी घालता येते हे मान्य केलं, पण इन्युइट सवलत ज्या पद्धतीने राबवली त्यावर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये युरोपला नियम सुधारावा लागला. तेव्हा मागणी नेमकी ठेवू : पूर्व किनाऱ्याचा व्यापारी कोटा शून्य, शिकाऱ्यांची लायसन्स सरकारने पैसे देऊन परत घ्यायची, उत्तरेतल्या शिकारीला हात लावायचा नाही. आणि फोटोतलं गोंडस पिल्लू काढा बाबांनो, ते मारणं बंद होऊन जमाना झाला.

दर्यासारंग
पैसे देऊन परत घ्या, मग बोलू. पण रक्कम होडीमालकाच्या खात्यात गेली आणि त्याच्याबरोबर बर्फावर उतरणाऱ्या पोरांच्या हातात काहीच आलं नाही, तर माझा विरोध तसाच राहील.

अनुराधा_टोरांटो
आणि रक्कम ठरवताना बैठकीला नुनावुतचं, म्हणजे उत्तरेतल्या इन्युइट प्रदेशाचं, कुणी असेल का, तेही आत्ताच लिहून टाका.