म्हैसूरचा दसरा म्हणजे राजेशाहीची जाहिरात?

घोडबंदरकर
दसऱ्याला म्हैसूर बघून आलो. लाखभर बल्ब लावून मेलेल्या राजेशाहीची आरास चाललीय. सरकारी पैशावर राजाची मिरवणूक, आणि राजवाडा तोही गोऱ्याने बांधलेला. त्यापेक्षा आपला ठाण्याचा टेंभी नाका परवडला, देवी निदान जनतेची तरी आहे.

नेरुळची_सुमा
अहो डोळे घरी ठेवून गेला होतात का? माझं माहेर म्हैसूरचं, त्यामुळे मी गप्प बसणार नाहीच. अंबारीत राजा बसतच नाही! संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या सुमारास ते थांबलं, आता साडेसातशे किलोच्या अंबारीत चामुंडेश्वरी असते. आणि गोऱ्याने बांधला म्हणे. १८९७ ला राजकन्येच्या लग्नात आग लागून जुना लाकडी वाडा जळाला, राजा अजून लहान, कारभार विधवा राणीच्या हातात, तिने आयर्विन नावाच्या इंग्रज आर्किटेक्टला कामाला लावून नवा उभा करून घेतला, १९१२ ला पूर्ण झाला. कोल्हापूरचा न्यू पॅलेस कोणाचं डिझाइन? मेजर मँटचं. तो चालतो वाटतं. लहानपणी बन्नीमंटपच्या मैदानात आजीच्या मांडीवर बसून मशालींची कवायत बघितलीय, गर्दीत राजेशाही वगैरे कोणाच्या डोक्यातही नसते.

घोडबंदरकर
मांडीवर बसून बघितलं म्हणून बरोबर होतं का ताई? राजवाड्यात खाजगी दरबार भरतो, राजघराण्याचे यदुवीर सिंहासनावर बसतात, आणि तेच २०२४ ला खासदार होतात. ही जाहिरात नाही तर काय? राजेच हवेत तर शाहू महाराजांसारखे, १९०२ ला पन्नास टक्के आरक्षण दिलं.

नेरुळची_सुमा
मग मागासांच्या आरक्षणासाठीची मिलर कमिटी १९१८ ला कुठे बसली होती, घोडबंदरला? म्हैसूरलाच ना. आमचे राजे चौथे कृष्णराज बघा जरा.

कोल्हापुरी_ऐरोलीत
शाहूंचं नाव निघालं म्हणून आलो. राजवाडे राहूदेत बाजूला, त्या हत्तीचं कोणी बोलणार का? साडेसातशे किलो पाठीवर आणि पाच किलोमीटर चाल, ढोलताशात. अर्जुनने २०१२ ते १९ अंबारी वाहिली आणि डिसेंबर २०२३ ला रानटी हत्तीला पकडायच्या मोहिमेत मेला. तेव्हा सगळे रडले, पुढच्या दसऱ्याला अभिमन्यूला हार!

कळवा_कट्टा
व्वा, हे कोल्हापूरकर बोलतायत? नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला जुलै २०२५ मध्ये कोर्टाने अंबानींच्या वनताराला पाठवलं तेव्हा निषेध म्हणून जिओचं सिमकार्ड पोर्ट करत कोण फिरत होतं?

कोल्हापुरी_ऐरोलीत
तुला काय कळणार रे! माधुरी घरची होती, माझी आई नांदणीला जाऊन तिला केळी द्यायची. तिला नेली त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

कळवा_कट्टा
आणि अर्जुन त्याच्या माहुताच्या घरचा नव्हता? केळी खाल्ली म्हणून साखळी सुटत नाही. मठाची साखळी ती श्रद्धा आणि म्हैसूरची ती क्रूरता, असं कसं चालेल?

कोल्हापुरी_ऐरोलीत
मठ आणि सरकारी शो एक नाही. कळव्यात बसून अक्कल शिकवू नकोस.

नेरुळची_सुमा
भांडा हो. साठी उलटलेल्या हत्तीला अंबारी देत नाहीत, अर्जुनलाही म्हणूनच थांबवलं होतं, तो मेला तो जंगलात, दसऱ्यात नाही. मात्र ढोलताशांचं खरं आहे, तोफांची सवय लावायला आधी सराव घेतात ते लहानपणी मजेशीर वाटायचं, आता बघवत नाही. घ्या, एवढं दिलं.

घोडबंदरकर
माझी पोस्ट राजावर होती, हत्तीवर नाही. देवी अंबारीत असते हे मान्य, खूश? तरी राजवाडा १९९८ चा कायदा करून सरकारने घ्यायचा आणि राजघराण्याने कोर्टात भांडत बसायचं, ही कसली जनतेची देवी.

कळवा_कट्टा
टेंभी नाक्याला नवरात्रात तासभर रिक्षात अडकलो होतो, तिथे जनतेची देवी दिसली नाही, फक्त नेत्यांचे बॅनर दिसले. तेवढे मोजा आधी, मग म्हैसूरला जा.