गोव्यात मोपा विमानतळावर पोस्टिंग मिळालंय, नवीन पायलट आहे, पणजी-म्हापशात परवडणारं घर मिळेल का?

उजवी_सीट:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, टाईप रेटिंग (ठरावीक विमान उडवायचं ट्रेनिंग) संपवून नुकताच एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानावर, फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) म्हणून लागलोय, बेस मोपा. ऐकायला भारी वाटतं पण अजून लाईन ट्रेनिंग (प्रवासी फ्लाईटवर देखरेखीखाली उडवणं) चालू आहे म्हणजे पूर्ण पगार सुरू नाही, आणि जे हातात येतं त्यातलं निम्मं हप्त्यात जातं कारण लायसन्स आणि रेटिंग दोन्ही कर्जावर केलंय. हॉटेलची मुदत पंधरा दिवसांत संपतेय. बजेट लाईट-पाणी धरून १५ हजार, फार तर १६. मनात पणजी होती, सुट्टी असली की मांडवीच्या काठाने फिरता येईल वगैरे. पण एका ब्रोकरने पणजीतल्या मळा भागात एक खोली दाखवली ती २२ हजार, आणि काय करतोस विचारल्यावर पायलट म्हणालो तर मालक म्हणाले २५. दुसऱ्या एका ठिकाणी सगळं पटलं होतं तर म्हणे ऑक्टोबरला खाली करावं लागेल, पर्यटकांचा सीझन आहे. रिपोर्टिंग कधी पहाटे साडेचारला, कधी रात्री अकराला सुटतो. गाडी नाही, बाईक आहे, एमएच १० ची. काय करू?

म्हापशेकर:
अरे बाबा पहिली चूक म्हणजे तू पायलट आहेस हे त्या मालकाला नीट सांगितलं नाहीस 😀 गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवणारा. पुढच्या वेळी नुसतं "पायलट" म्हणून गप्प बस, कुठल्या स्टँडवर असतोस विचारतील आणि भाडं आपोआप खाली येईल.
आता खरं सांगतो. पणजी सोड. तिथून मोपा सुमारे ३५ किलोमीटर आणि पहाटे तीनला उठून पर्वरी चढून जायचं हे महिनाभर हौसेने करशील, मग नाही. म्हापशात शोध, त्यातही बाजाराच्या आत नको, करासवाड्याच्या बाजूला बघ, तिथून सरळ हायवेला लागतोस, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत अडकत नाहीस. फर्निचर नसलेला वन बीएचके आमच्या इकडे १४-१५ ला अजून मिळतो पण तो ऑनलाईन दिसत नाही. ऑनलाईन दिसतात ते पर्यटकांसाठी सजवलेले फ्लॅट, त्यांचं गणित दिवसाच्या भाड्यावर असतं, तुला ते मे महिन्यापर्यंत कशाला ठेवतील? वाड्यावरच्या किराणा दुकानात विचार, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराला विचार, कुणाचा मुलगा लंडनला गेला आणि वरचा मजला रिकामा आहे हे त्याला आधी कळतं. असं घर मिळालं की मालकीण म्हातारी असते, तिला भाड्यापेक्षा रात्री घरात कुणीतरी माणूस आहे याचं बरं वाटतं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कर, त्यात सीझनला खाली करायची अट नाही ना ते वाच, आणि पोलीस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्म मालकाने भरलाच पाहिजे, टाळत असेल तर तिथे राहू नकोस.

रॅम्पवरचा_पेडणेकर:
मी मोपाला ग्राउंड स्टाफमध्ये आहे, विमानतळ सुरू झाला ५ जानेवारी २०२३ ला तेव्हापासून. तेव्हा धारगळला खोली ५ हजारात मिळायची, आता तीच ८ मागतात, त्यात आयुर्वेद हॉस्पिटलचाही स्टाफ तिथेच शोधतो. तरी म्हापशापेक्षा स्वस्तच. धारगळ सुकेकुळणहून वरच्या रस्त्याला लागलास की बाईकने काही मिनिटांत टर्मिनल. पण एक सांगतो, रात्री दहानंतर जेवायला काही उघडं नसतं, करंट पावसात जातो तो कधी येईल देव जाणे, आणि एकटा माणूस कंटाळतो. माझ्यासोबत दोघे होते, दोघेही म्हापशाला गेले.
अजून एक, पावसाळ्यात पहाटे हायवेवर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसत नाही. बाईक हळू मार. कदंबाची (गोव्याची सरकारी) बस दिवसा बरी, पहाटेच्या रिपोर्टिंगला तिच्या भरवशावर राहू नको.

जुना_कॅप्टन:
वरच्या दोघांनी भाड्याचं सांगितलं, मी झोपेचं सांगतो. तुला दुपारी दोनला झोपायला लागणार आहे. घर बघायला संध्याकाळी जाऊ नकोस, दुपारी जा आणि दहा मिनिटं गप्प बसून ऐक. शेजारी बांधकाम आहे का, टाईल कापायची मशीन आहे का, रस्त्याच्या बाजूची खिडकी आहे का. जाड काळे पडदे घे, इन्व्हर्टर नसेल तर भाड्यात हजार कमी करायला लाव आणि स्वतः घे.
दुसरं, कंपनीची गाडी कुठपर्यंत घ्यायला येते ते तोंडी नको, ईमेलवर विचार. हद्दीच्या एक किलोमीटर बाहेर घर घेतलंस तर वाचवलेले दोन हजार टॅक्सीत जातील, तेही इथल्या टॅक्सीत.
तिसरं, घरमालक प्रेमाने उर्राक (काजूची दारू) पुढे करतील, एप्रिलमध्ये तर नक्कीच. फ्लाईटच्या आधी १२ तास थेंब नाही, आणि ड्युटीच्या सकाळी माउथवॉशही नाही. बीए टेस्टला (श्वासातली दारू तपासतात ती) "मालकाने आग्रह केला" हे कारण चालत नाही.
बजेट इतकं घट्ट असेल तर बॅचमधला दुसरा फर्स्ट ऑफिसर बघून टू बीएचके घ्या. रोस्टर उलटसुलट असतात, दोघं एकाच वेळी घरी फारसे सापडतच नाहीत. आम्ही मुंबईला चार जण राहायचो, एक तर मला तीन आठवडे दिसलाच नव्हता.

बांदेकर:
सगळे गोव्यातच का अडकलात? महाराष्ट्रात बांद्याला या. पत्रादेवीची सीमा ओलांडली की मोपा जवळ, भाडं निम्मं, आणि त्याच्या एमएच नंबरला कोणी अडवणार नाही.

म्हापशेकर:
@बांदेकर भाडं निम्मं बरोबर, पण सीमेवर नाकाबंदी असली आणि पोरगा स्टँडबायवर (बोलावलं की लगेच जायच्या ड्युटीवर) असताना फोन आला तर? त्याला तासाभरात पोचायचं असेल. नंबरचं म्हणशील तर वर्षभराच्या आत गोव्याचा टॅक्स भरून घे रे @उजवी_सीट, नाहीतर रस्त्यात प्रत्येक वेळी कागद दाखवत बसशील.

उजवी_सीट:
धन्यवाद सगळ्यांना, खरंच. बॅचमेट तयार आहे, तो नाशिकचा, घोरतो पण रोस्टर उलटं आहे म्हणून चालेल. रविवारी करासवाड्याला दुपारी दोनला घरं बघायला जातोय, आधी पदेर गाठतो. तो साधारण किती वाजता येतो?

म्हापशेकर:
सकाळी साडेसहा-सात. भोंपू ऐकू आला की धाव.