मदत हवी आहे: काळ्या जमिनीवरील केळी वेफर्सच्या युनिटसाठी फरशी कोणती घ्यावी?

नमस्कार,

यावल तालुक्यातील आमचा महिला बचत गट केळीच्या वेफर्ससाठी स्वतःची जागा उभारत आहे. भिंती आणि पत्र्याचे छत झाले आहे, आत मुरमाचा भराव पडला आहे आणि फरशीचा निर्णय आता घ्यावयाचा आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याच्या बाजूला सुमारे २०० चौरस फुटांचे विक्रीचे दुकान, त्यामागे ३०० चौरस फुटांची पॅकिंग व साठवणीची खोली आणि सर्वांत मागे ६०० चौरस फुटांची तळणीची खोली अशी रचना आहे. व्यापारी जागेच्या फरशीचा अनुभव असलेल्यांनी, विशेषतः खानदेशात असे काम केलेल्यांनी, मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

टाइल्सच्या एका दुकानात आम्हाला तिन्ही भागांसाठी ६०० बाय ६०० मिलीमीटरची एकच चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल सुचवण्यात आली. एकच माल उचलला तर भाव कमी बसतो आणि तुकडे कमी वाया जातात, हे मान्य आहे. तरीही हा सल्ला मला पटत नाही, कारण या तीन खोल्यांत फरशीवर येणारा भार आणि पडणारा पदार्थ अगदी वेगवेगळा आहे.

माझी खरी काळजी तळणीच्या खोलीची आहे. कच्ची केळी सोलताना चीक गळतो आणि वाळल्यावर त्याचे काळपट डाग पडतात. काप काळे पडू नयेत म्हणून ते मीठ व सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवले जातात आणि तेथून निथळत कढईपर्यंत नेले जातात, म्हणजे त्या वाटेवर पाणी, आम्ल, मीठ आणि तेल हे सर्व एकाच जागी सांडणार. कढईतील तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि तिच्याजवळ आमच्या बाया तासन् तास उभ्या राहणार आहेत. तेथे पाय घसरला तर बाई गरम तेलाच्या अंगावर जाईल. त्यामुळे रंग, चमक आणि भाव यांच्या आधी पाय घसरू नये ही कसोटी मी धरली आहे, आणि त्या कसोटीवर चकचकीत टाइल मला बसत नाही.

गटातील बहुतेकींचे मत कोट्याकडे आहे. आपल्याकडे घरोघरी कोटा किंवा शहाबादी असते, ती उन्हाळ्यात पायाला थंड लागते, बसवणारे कारागीर गावातच मिळतात आणि घासून पुन्हा पॉलिश करता येते, त्यामुळे हा ओढा स्वाभाविक आहे. परंतु कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. लिंबू किंवा चिंच सांडलेल्या ओट्यावर पांढुरके, खरबरीत डाग राहतात ते याच कारणाने. सायट्रिक ॲसिडचे पाणी रोज सांडणाऱ्या खोलीत असा दगड किती वर्षे टिकेल, याविषयी मला शंका आहे. दुकानात मात्र कोटाच घालावा असे माझेही मत आहे.

दुसरा पर्याय अँटीस्किड टाइलचा आहे. घसरणीच्या जर्मन मापनात आर-९ ते आर-१३ अशा श्रेणी असतात आणि स्वयंपाकाच्या व्यावसायिक जागेसाठी आर-११ किंवा त्यावरची श्रेणी घ्यावी असे वाचले आहे. अडचण अशी की टाइल जितकी खरबरीत, तितके तिच्या खाचांत तेल आणि मळ अडकून राहतो. अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या विनियमांतील अनुसूची ४ प्रमाणे फरशी न घसरणारी असावी, तशीच ती सहज स्वच्छ होणारीही असावी लागते. या दोन्ही अटी एकाच टाइलमध्ये कशा साधाव्यात, हा माझा पहिला प्रश्न आहे.

तिसरा पर्याय इपॉक्सीचा, म्हणजे काँक्रीटवर ओतून पसरलेल्या कृत्रिम राळेच्या थराचा. जळगावच्या एका ठेकेदाराने सांधे नसलेली फरशी म्हणून तो आग्रहाने मांडला. परंतु गरम तेल सांडल्यास इपॉक्सी मऊ पडून सुटते का, आणि पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या ओलीमुळे तिला फुगे येतात का, हे आधी समजून घ्यावयाचे आहे.

शेवटचा आणि कदाचित सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा. जागा काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आत सुमारे दीड फूट मुरूम भरला आहे, परंतु तो थराथराने ठोकलेला नाही. अशा भरावावर थेट कोबा करून टाइल बसवल्यास ती उचलली जाईल का? भराव पुन्हा काढावा लागत असेल तर तोही काढू, पण यंत्रे बसल्यानंतर फरशी फोडण्याची वेळ येऊ नये.

प्रतिसाद १

ताई, आपले प्रश्न योग्य आहेत; फक्त त्यांचा क्रम मी उलटा घेतो, कारण खालचा भराव पक्का नसेल तर वरची कोणतीही फरशी टिकणार नाही.

न ठोकलेला दीड फूट मुरूम काढून घ्या. त्याखालची काळी माती निदान आणखी दोन-तीन फूट काढता आली तर उत्तम. न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर काळ्या मातीचे फुगणे दाबून धरतो, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले आहे आणि आपल्या भागासाठी तो विचार फार उपयोगाचा आहे. एवढी खोली परवडत नसेल तर जेवढी जमेल तेवढी घ्या, पण मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुमसाने किंवा यंत्राने ठोकूनच भरा. त्यावर दगडी सोलिंग, म्हणजे रचून ठोकलेला दगडांचा थर, मग जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर चार इंच काँक्रीट. कागदामुळे खालची ओल वर येण्यास अडसर होतो. इमारतीच्या बाहेरून चारी बाजूंनी तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा आणि पत्र्याचे पाणी पन्हळीने दूर काढा. भिंतीलगत पाणी मुरणे हेच काळ्या मातीच्या फुगण्याचे मुख्य कारण असते, आणि नेमका हाच खर्च लोक वाचवतात.

तळणीच्या खोलीत साधी इपॉक्सी घेऊ नका. पातळ थराची इपॉक्सी साधारण ६० अंशांपुढे मऊ होऊ लागते. गरम तेलासाठी सिमेंट मिसळलेली पॉलीयुरेथेनची फरशी असते, सहा ते नऊ मिलीमीटर जाडीची. ती ताप आणि आम्ल दोन्ही सोसते, पण महाग पडते आणि सरावाच्या कारागिरानेच करावी लागते. छोट्या गटासाठी मी फुल बॉडी व्हिट्रिफाइड, ३०० बाय ३०० किंवा ४०० बाय ४०० मापाची, आर-११ श्रेणीची टाइल सुचवेन. फुल बॉडीमध्ये वरचा थर झिजला तरी आत तोच रंग असतो. बारीक दाणेदार पृष्ठभाग घ्या, खोल नक्षीचा घेऊ नका. दाणेदार टाइल गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि कडक ब्रशने रोज घासली तर स्वच्छ राहते, नक्षीच्या खाचा मात्र राहत नाहीत. सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरा, कारण सायट्रिक ॲसिड सिमेंटचे सांधे आधी खाते. नहाणी ट्रॅपकडे उतार १०० फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंचाच्या आसपास ठेवा आणि भिंत व फरशीच्या कोपऱ्यात गोलाई करून घ्या.

पॅकिंगच्या खोलीत टाइलचीही गरज नाही; ट्रीमिक्स काँक्रीट (ओतल्यावर जास्तीचे पाणी यंत्राने शोषून घेतलेले) आणि वर पृष्ठभाग कठीण करणारा हार्डनर पुरेसा आहे. काम उन्हाळ्यात निघाले तर पहाटे काँक्रीट ओता आणि लगेच ओल्या गोणपाटाने झाका. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात आणि झळांच्या वाऱ्यात ताज्या काँक्रीटला काही तासांतच भेगा पडतात. दुकानात कोटा घालण्याचा आपला विचार बरोबर आहे.

प्रतिसाद २

खरेदीविषयी थोडे. खोक्यावर आयएस १५६२२ हे मानक आणि ०.५ टक्क्यांहून कमी जलशोषण छापलेले आहे का ते पाहा. सर्व खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची मागवा, दहा टक्के जास्तीची घ्या आणि उरलेल्या टाइल जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षी तोच शेड बाजारात सापडत नाही. प्रीमियम आणि स्टँडर्ड या दोन प्रतींच्या भावात फरक असतो. स्टँडर्डमध्ये माप कमी-जास्त निघते आणि सांधे सरळ येत नाहीत. नमुन्याच्या टाइलवर थोडे तेल आणि पाणी टाकून, ज्या चपला घालून बाया काम करणार आहेत त्याच घालून एकदा चालून पाहा. टाइल बसवताना चारही कडेला स्कर्टिंगखाली सहा-आठ मिलीमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर पत्र्याखालच्या तापाने प्रसरण पावून मधल्या टाइल तंबूसारख्या उचलल्या जातात. हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक टाइल लाकडी दांड्याने ठोकून पाहा. जेथे पोकळ आवाज येईल तेथे यंत्राचा पाय किंवा ट्रॉलीचे चाक आले की टाइल फुटते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भराव काढून पुन्हा थराथराने ठोकण्याचे आणि बाहेरची फरसबंदी आधी करण्याचे गटाच्या बैठकीत ठरले आहे. एक शंका उरली आहे. कढई ठेवण्याच्या जागेखाली, सुमारे सहा बाय आठ फुटांत, टाइलऐवजी खरबरीत ग्रॅनाइटचे मोठे तुकडे बसवले तर सांधे कमी होतील आणि आम्लाचाही प्रश्न राहणार नाही असे वाटते. असा प्रयोग कोणी भट्टीजवळ केला असल्यास त्याला तापाने तडे गेले का, आणि तेलाचे डाग आत मुरले का, ते कृपया कळवावे.